घरगुती वर्धकास खर्जाची जोड



रात्रीं घरांतील मंडळी निजल्यावर हेडफोन लावून गाणें ऐकणाऱ्यांस एक अनुभव हटकून येतो. आवाज बेताचा ठेवला कीं गायकाचा स्वर स्पष्ट येतो, परंतु डग्ग्याची घुमक आणि तंबोऱ्याचा खर्ज कोठें तरी नाहींसा होतो. मग हात आवाजाच्या बटणाकडे जातो. खर्ज परत येतो खरा, पण त्याबरोबर बाकीचे सारे स्वरही कानावर आदळूं लागतात. आवाज न चढवितां खर्ज परत मिळविण्याचा एक स्वस्त उपाय आज सांगावयाचा आहे.

ही तूट मुख्यतः आपल्या कानाच्या स्वभावामुळें येते. १९३३ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर व मन्सन या शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, आवाज लहान होत गेला म्हणजे कान खालच्या स्वरांविषयीं अधिकच मंद होतो. आजच्या मोजमापाप्रमाणें, सेकंदास १००० कंपनांचा स्वर ८० डेसिबलांवर जेवढा मोठा वाटतो, तेवढाच मोठा वाटण्यास १०० कंपनांच्या स्वरास सुमारे ९२ डेसिबल लागतात. पहिला स्वर ६० डेसिबलांवर उतरविला, तरी दुसऱ्यास सुमारे ७९ लागतातच. म्हणजे आवाज कमी करतांच खर्जाच्या वांट्यास सहा-सात डेसिबलांची तूट येते. काळी एकमध्यें लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज अवघ्या ६९ कंपनांचा असतो. तेव्हां प्रथम कोण हरवणार हें उघड आहे.

आतां उपाय पाहूं. हौशी मंडळी ९ व्होल्टांच्या बॅटरीवर चालणारा लहान वर्धक घरीं तयार करतात. त्यांत ऑपॲम्प नांवाची आठ पायांची चिप असते व तिच्यांत दोन कानांसाठीं दोन वर्धक असतात. बाहेर पडणाऱ्या विद्युद्दाबाचा कांहीं अंश एका रोधावाटे चिपच्या उणें पायाकडे परत आणतात, आणि त्या पायापासून दुसरा रोध शून्य तारेस जोडतात. दोन्ही रोध १० किलोओहमांचे असले, तर दाब दुप्पट होतो.

या परतीच्या वाटेवर, पहिल्या रोधाच्या पुढें, १० किलोओहमांचेच आणखी दोन रोध एकापुढें एक जोडावे आणि त्या जोडीच्या दोन टोकांवर ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावावा. डाख देतांना बॅटरी काढून ठेवावी. कपॅसिटर उंच स्वरांस सहज वाट देतो. ते नव्या रोधांस वळसा घालून जातात व दुप्पटच राहतात. खालच्या स्वरांस तो अडवितो. त्यांस रोधांतून जावें लागतें, परत येणारा अंश घटतो आणि अगदीं खालचे स्वर चौपट होतात. दुपटीवरून चौपट, म्हणजे ६ डेसिबलांची जोड. ती ११३ कंपनांपाशीं निम्मी होते व ५०० च्या वर जवळजवळ उरत नाहीं. त्याच दोन टोकांवर दुहेरी स्विच बसवावा. तो जोडला कीं वर्धक पूर्ववत् होतो. आमच्या कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गांवच्या हौशी मंडळींनीं हें साहित्य पुण्याच्या तपकीर गल्लींतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणावें.

एक सावधगिरी हवी. दाब दुप्पट झाला म्हणजे शक्ति चौपट लागते. बॅटरी दमलेली असली, कीं डग्गा फुटल्यासारखा वाजतो. अशा वेळीं आवाज कमी करावा.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणें मोठ्या माणसानें ८० डेसिबलांचा आवाज आठवड्यास ४० तासांहून अधिक ऐकूं नये. दर ३ डेसिबलांच्या वाढीबरोबर ही मुदत निम्मी होते. मुलांसाठीं मर्यादा ७५ डेसिबलांचीच आहे. कानाच्या आंतील सूक्ष्म केसल पेशी एकदां मेल्या, कीं माणसाच्या कानांत त्या पुन्हां उगवत नाहींत. म्हणून खर्जाची जोड चालू करतांच आवाजाचें बटण थोडें मागें न्यावें. घरांतील मुलानें हा वर्धक केला असेल, तर त्याची प्रशंसा अवश्य करावी. परंतु बटण कोठें ठेवलें आहे, हेंही एकदां पाहून घ्यावें. जोड बसविल्यानंतर तें पूर्वीपेक्षां खालीं आलें असेल, तरच हा खटाटोप सार्थकीं लागला असें समजावें.