देह हलतो, मन बसतं



लासूर स्टेशनसारख्या गावात योगाचा विषय काढला की एक प्रश्न येणारच. “महाराज, दिवसभर कापूस वेचायचा, मोंढ्यात पोती उचलायची. एवढी मेहनत झाल्यावर योग आणखी कशाला?”

प्रश्न रास्त आहे. पण मेहनत आणि योग यांत फरक आहे. पोतं बहुतेक एकाच खांद्यावर चढतं. कापूस वेचताना कंबर तासन्‌तास वाकलेली राहते. ओझं उचलताना श्वास कोंडतो. आणि मन? ते बँकेच्या हप्त्यात, कांद्याच्या भावात, नाहीतर आभाळात. देह एकीकडं, श्वास दुसरीकडं, मन तिसरीकडं. मग माणूस थकतो खरा, पण रात्री झोप येत नाही.

योग हा शब्द ‘युज्’ धातूचा. अर्थ जोडणं, जुंपणं. आपल्या बैलांच्या मानेवरचं ‘जू’ याच घराण्यातलं. एक बैल पुढं ओढतो अन् दुसरा मागं रेटतो, तर तास सरळ जाईल का? तसंच देह, श्वास आणि मन एका जुवाखाली आले पाहिजेत.

आता सूर्यनमस्कार घ्या. एका नमस्कारात बारा स्थिती. हात वर गेले, छाती उघडली की श्वास आत. वाकलं, पोट दबलं की श्वास बाहेर. अष्टांगात दोन पाय, दोन गुडघे, दोन हात, छाती आणि कपाळ भुईला लागतं. देवापुढचा साष्टांग दंडवत तो हाच की! एकदा डावा पाय मागं, एकदा उजवा, म्हणजे अंगाच्या दोन्ही बाजूंना सारखं काम. मित्र, रवी, सूर्य अशी सूर्याची बारा नावं ओळीनं घ्यायची. हाताला काम, श्वासाला चाल, मुखाला नाम. भटकायला मनाला जागाच कुठं उरली?

समर्थ रामदास आपल्याच मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यातल्या जांबेचे, जन्म १६०८ चा. नाशिकजवळ टाकळीला ते रोज बाराशे नमस्कार घालत, असं परंपरा सांगते. शरीरबळ आणि नामस्मरण त्यांनी वेगळं मानलं नाही.

आता जरा दक्षिणेला चला. लासूरहून गंगापूर, पुढं कायगाव टोक्याला गोदावरी ओलांडली की नेवासं. शके १२१२, म्हणजे १२९० साली, ज्ञानोबारायांनी तिथं ज्ञानेश्वरी सांगितली. सहाव्या अध्यायात योगाचा अवघड मार्ग उलगडला. ते नाथपंथातले, तो मार्ग त्यांना ठाऊक होता. तरी सर्वसामान्यांच्या हाती त्यांनी नाम दिलं. वारीतली पावली बघा. मृदंगाच्या ठेक्यावर पाऊल पुढं, पाऊल मागं. अभंगाचं चरण लांबवलं की श्वास हळू सुटतो, आणि श्वास हळू सुटला की छातीतली धडधड उतरते. हजारो माणसं चालता चालता ध्यान करतात, फक्त त्याला ध्यान म्हणत नाहीत.

मग सुरुवात कशी करायची? पहाटे, उपाशीपोटी, तीन नमस्कारांनी. दर आठवड्याला एकेक वाढवत बारापर्यंत जा. घाई नको. श्वास अडखळला की थांबा. रक्तदाब, हर्निया, मणक्याचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गुडघे वाकत नसतील तर अंगणात चाला. चार पावलं श्वास आत, चार पावलं बाहेर, आणि सोबत विठ्ठलाचं नाव.

यानं कर्ज फिटेल का, माउली? नाही फिटणार. पाऊसही पडणार नाही. पण संकटात जो निर्णय घ्यायचा, तो घेणारं मन ठिकाणावर राहील. आणि मन ठिकाणावर असलं की शेजाऱ्याला हाक मारता येते, घरात चार शब्द बोलता येतात, उद्याची वाट दिसते. एवढं बळ देहाच्या कष्टातून एकटं येत नाही. ते जोडण्यातून येतं.

पुंडलिक वरदे हारि विठ्ठल!