पडदा लागेपर्यंत : आनंद पटवर्धन यांचे माहितीपट

प्रत्यक्षातील माणसे, प्रसंग आणि स्थळे यांचे चित्रण करून विषय मांडणारा चित्रपट म्हणजे माहितीपट. स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षे तो भारतात बहुतांशी सरकारनेच काढला आणि सरकारनेच दाखवला, कारण 1948 मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे लघुपट मुख्य खेळापूर्वी दाखवणे चित्रपटगृहांना बंधनकारक होते. या व्यवस्थेबाहेर राहून, आणि प्रसंगी तिच्याशी झगडून, ज्यांनी माहितीपटाला स्वतंत्र आवाज मिळवून दिला त्यांत आनंद पटवर्धन यांचे नाव अग्रभागी येते. संकलन संपले की चित्रपट संपला, असे त्यांनी कधी मानले नाही. तो लोकांसमोर जाईपर्यंत काम अपुरेच राहते, ही धारणा त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत दिसते.

पटवर्धन यांचा जन्म 1950 मध्ये मुंबईत झाला. स्वातंत्र्यचळवळीतील समाजवादी नेते अच्युतराव पटवर्धन आणि अहमदनगरचे रावसाहेब पटवर्धन हे त्यांचे काका, तर आई निर्मला या शांतिनिकेतनात शिकलेल्या कुंभारकाम-कलावंत. या घराची आणि त्यातून दिसणाऱ्या स्वातंत्र्यलढ्याची कहाणी त्यांनी ‘वसुधैव कुटुंबकम्’ (2023) या चित्रपटात सांगितली आहे. मुंबईत इंग्रजी साहित्य आणि अमेरिकेत समाजशास्त्र शिकून परतल्यावर त्यांनी मध्य प्रदेशातील ‘किशोर भारती’ या ग्रामीण शिक्षण व विकासाच्या प्रकल्पात काम केले आणि तेथून ते जयप्रकाश नारायण यांच्या बिहार आंदोलनाकडे ओढले गेले.

‘क्रांती की तरंगें’ हा पहिला महत्त्वाचा चित्रपट याच आंदोलनावर आहे. त्यातील बरेचसे चित्रण सुपर-8 या हौशी लोकांच्या छोट्या कॅमेऱ्यावर झाले होते, परंतु त्या फिल्मच्या प्रती काढणे अवघड असल्याने चित्रित भाग पडद्यावर टाकून 16 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपण्यात आला. त्यातून आलेला खरखरीतपणा आज त्या काळाची खूण वाटतो. आणीबाणी लागल्यावर हा चित्रपट चोरूनच दाखवावा लागला, आणि त्याची प्रत तुकड्या-तुकड्यांनी देशाबाहेर नेऊन तेथे पुन्हा जोडण्यात आली. पाठोपाठ राजकीय कैद्यांविषयीचा ‘जमीर के बंदी’ (1978) आला.

मुंबईतील झोपडपट्ट्यांच्या पाडकामावरचा ‘हमारा शहर’ (1985) हा या कारकिर्दीतला कळीचा टप्पा होय. त्यात घर पाडले गेलेली एक स्त्री कॅमेऱ्यामागच्या माणसालाच धारेवर धरते, आमची चित्रे काढून तुम्ही नाव कमावणार, घर थोडेच देणार, अशा आशयाचे सुनावते, आणि दिग्दर्शकाने तो आरोप कापून न टाकता चित्रपटात ठेवला आहे. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला खरा, परंतु त्या स्त्रीला पुरस्काराने उत्तर मिळत नव्हते. 1986 मध्ये नरीमन पॉइंटजवळची संजय गांधी नगर ही वस्ती पाडली गेली, तेव्हा पटवर्धन रहिवाशांसोबत उपोषणाला बसले. शबाना आझमीही त्यात सहभागी होत्या. पुढे त्या रहिवाशांना गोरेगाव परिसरात पर्यायी जागा मिळाली.

उपोषणाइतकेच महत्त्वाचे दुसरे साधन होते ते न्यायालय. राममंदिरासाठीची 1990 ची रथयात्रा आणि अयोध्येचा वाद टिपणारा ‘राम के नाम’ बाबरी मशीद पडण्यापूर्वीच पूर्ण झाला होता, आणि तिथल्या मंदिराचे न्यायालयनियुक्त पुजारी लालदास यांचे शांत, हिंसेला विरोध करणारे बोलणे हा त्याचा गाभा आहे. 1993 मध्ये त्यांचा खून झाला. चित्रपटाला सर्वांसाठी खुले प्रमाणपत्र आणि राष्ट्रीय पुरस्कार असूनही दूरदर्शनने तो नाकारला, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानंतरच तो प्रक्षेपित झाला. धर्म आणि पुरुषी अहंकार यांचे नाते तपासणाऱ्या ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’साठी हा लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला व 2006 चा निकाल त्यांच्या बाजूने लागला. पोखरणच्या 1998 मधील अणुचाचण्यांनंतर काढलेल्या ‘जंग और अमन’मध्ये सेन्सॉर बोर्डाने, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने, अनेक काटछाटी सुचवल्या होत्या, परंतु 2003 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो जसाच्या तसा दाखवण्यास मुभा दिली. प्रत्येक निकालाचा आधार अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा होता, त्यामुळे एका चित्रपटासाठी मिळालेली वाट पुढच्या दिग्दर्शकांनाही उपयोगी पडली.

या चित्रपटांत दिग्दर्शकाची बाजू लपत नाही, आणि ते एकांगी असल्याचा आक्षेपही वारंवार घेतला गेला आहे. मात्र विरोधी मताच्या माणसालाही पटवर्धन सलग बोलू देतात, आणि त्याच्या बोलण्यातील विसंगती बहुधा त्याच्याच तोंडून बाहेर पडते. नरेंद्र दाभोलकर, गोविंद पानसरे, एम. एम. कलबुर्गी आणि गौरी लंकेश या विवेकवाद्यांच्या हत्यांचा मागोवा घेणाऱ्या ‘विवेक’ (2018) या प्रदीर्घ चित्रपटातही हीच पद्धत आहे.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ‘जय भीम कॉम्रेड’ (2011) सर्वांत मोलाचा. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 रोजी डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली, जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला व 10 जणांचा बळी गेला. त्या धक्क्याने शाहीर विलास घोगरे यांनी चार दिवसांनी जीवन संपवले. घोगरे ‘हमारा शहर’मध्ये गायले होते, त्यामुळे हा चित्रपट हरवलेल्या सहकाऱ्याचा शोधही आहे. शाहिरी जलसे, भीमगीते आणि पुण्याच्या कबीर कला मंच या सांस्कृतिक पथकाची तरुण पिढी यांचे चित्रण 14 वर्षे चालले, कारण गोळीबाराचा खटलाही तितकाच रेंगाळत होता. तीन तासांहून लांब असा हा चित्रपट जानेवारी 2012 मध्ये भायखळ्याच्या बीआयटी चाळीत उघड्यावर पडदा लावून दाखवला गेला, आणि ज्यांची गाणी त्यात होती तो समाजच त्याचा प्रेक्षक ठरला.