आलेला मेल कोणाच्या नावावर?

कंपनीच्या सपोर्टच्या पत्त्यावर मेल टाकला की काही सेकंदांत त्याचं तिकीट होतं. तक्रारदाराला पोच मिळते, पोचेत क्रमांक असतो आणि पलीकडे कुठल्यातरी रांगेत त्याचं काम उभं राहतं. हे आता इतकं अंगवळणी पडलंय की त्यामागे चाळीसेक वर्षांची खटपट आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही. या कामात मी उमेदीची बरीच वर्षं घालवली. मागे वळून पाहताना त्या सगळ्या खटपटीत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा दिसतो : आलेला मेल नेमका कोणाच्या नावावर लागला? मेल पोचवायचं तंत्र लवकर हाती आलं. पोचलेल्या मेलची जबाबदारी कुणावर तरी टाकायची, ही गोष्ट मात्र ठेचा खात खात जमली.

सुरुवात १९८२ पासून करावी लागते. त्या वर्षी जॉन पोस्टेल यांनी मेल वाहून नेण्याचा एसएमटीपी हा प्रोटोकॉल मांडला आणि डेव्हिड क्रॉकर यांनी मेलची रचना कशी असावी याचं मानक लिहिलं. आजही कामाला येणाऱ्या तीन नोंदी त्या मानकात होत्या : प्रत्येक मेलची स्वतंत्र ओळख, हा मेल कोणत्या मेलचं उत्तर आहे ते, आणि आधीच्या साखळीचे संदर्भ. त्याच सुमारास बर्कलीत एरिक ऑलमन यांनी लिहिलेल्या 'सेंडमेल'ने युनिक्सच्या जगात बस्तान बसवलं. सेंडमेलमध्ये टोपणनावांची एक फाइल असे. तिच्यात 'सपोर्ट' या नावापुढे पाच जणांचे पत्ते लिहिले की आलेला प्रत्येक मेल पाचही जणांना जाई.

अडचण तिथेच होती. पाच जणांना गेलेल्या मेलचा धनी कुणीच नसतो. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याने उत्तर दिलं असेल. मग एखाद्याला तीन वेगवेगळी उत्तरं मिळत, तर एखाद्याला एकही नाही. आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांनी या अडचणीवरचा उपाय कागदाच्या जमान्यातच केला होता : टपाल आलं की ते आवक नोंदवहीत चढवायचं, शिक्का मारून क्रमांक घालायचा आणि मगच संबंधित टेबलाकडे पाठवायचं. ईमेलला अशी नोंदवही जोडायची होती.

सेंडमेलच्या त्या फाइलीत एक सोय होती. माणसाच्या पत्त्याऐवजी एखाद्या प्रोग्रॅमचं नाव लिहिलं की मेल थेट त्या प्रोग्रॅमच्या हाती पडायचा. नव्वदच्या दशकात अमेरिकी विद्यापीठांतल्या लोकांनी ही सोय कामाला लावली. बोस्टनच्या नॉर्थइस्टर्न विद्यापीठात रेमी एवार्ड यांनी 'रेक' नावाची प्रणाली बांधली. आलेल्या मेलला क्रमांक द्यायचा, तो कुणी हाताळायचा ते ठरवायचं, काम झालं की नोंद मिटवायची. १९९४ मध्ये त्यांनी ती सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरांच्या परिषदेत मांडली. त्याच काळात कनेक्टिकटमधल्या वेस्लियन विद्यापीठात जेसी व्हिन्सेंट हा विद्यार्थी हेल्पडेस्कवर काम करत होता. त्याने रेक बसवली, पण काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला लोक तयार नव्हते. म्हणून त्याने तिला वेबचं रूप दिलं आणि त्यातूनच पुढे 'रिक्वेस्ट ट्रॅकर' म्हणजे आरटी तयार झाली.

१९९४ मध्येच इयन जॅक्सन यांनी डेबियन प्रकल्पासाठी बग नोंदवण्याची प्रणाली लिहिली. तिच्यात प्रत्येक बगचा क्रमांक हाच त्याचा ईमेल पत्ता. त्या पत्त्यावर लिहिलं की मजकूर त्या नोंदीला जोडला जातो. क्रमांकाला 'डन' जोडून त्या पत्त्यावर लिहिलं की नोंद बंद होते. ही प्रणाली आजही चालू आहे आणि तिचे क्रमांक दहा लाखांपुढे गेले आहेत. विषयाच्या ओळीत काही शोधायला नको, पत्ताच सगळं सांगतो, ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. अनेक हेल्पडेस्कच्या उत्तराच्या पत्त्यात अधिकच्या चिन्हापुढे जी सांकेतिक अक्षरं दिसतात, ती याच विचारातली. १९९७ मध्ये इंटरनेटच्या मानकांत 'सपोर्ट', 'सेल्स', 'अब्यूज' यांसारखे सामायिक पत्ते कोणत्या कामासाठी ठेवावेत, याचीही यादी आली. म्हणजे माणसाच्या नावाऐवजी कामाच्या नावाने पत्र लिहायची रीत कागदोपत्री पक्की झाली.

पुढचा पेच होता उत्तराचा. ग्राहकाने पोचेला उत्तर दिलं तर ते जुन्याच तिकिटाला जोडलं गेलं पाहिजे. आरटीने विषयाच्या ओळीत चौकटी कंसात क्रमांक घातला. जर्मनीत २००१ मध्ये मार्टिन एडेनहोफर यांनी सुरू केलेल्या ओटीआरएसनेही विषयातल्या क्रमांकाचाच आधार घेतला. पण माणसं विषयाची ओळ बदलतात, किंवा गेल्या वर्षीचा मेल शोधून त्यालाच 'रिप्लाय' करून भलतीच तक्रार लिहितात. मग बंद झालेलं तिकीट उघडतं आणि ते ज्याच्या नावावर होतं, तो माणूस एव्हाना दुसऱ्या टीममध्ये गेलेला असतो. मुलगा वडिलांच्या पेन्शनचा मेल स्वतःच्या खात्यावरून फॉरवर्ड करतो आणि तिकीट मुलाच्या नावावर निघतं. उत्तरं मुलाला जातात, वडील वाट पाहत बसतात.

अनुभवातून एक क्रम ठरत गेला. आधी उत्तराच्या पत्त्यातला संकेत पाहायचा, मग साखळीचे संदर्भ, मग विषयातला क्रमांक. यातलं काहीच जुळलं नाही तर नवीन तिकीट काढायचं. शंका असेल तेव्हाही नवीनच काढायचं. कारण दोन तिकिटं एकत्र करणं हा एका क्लिकचा खेळ आहे, पण एकाच तिकिटात कालवलेल्या दोघांच्या तक्रारी वेगळ्या काढताना जीव मेटाकुटीला येतो.

सगळ्यात जास्त रात्री जागवल्या त्या चक्रात सापडलेल्या मेलनी. ग्राहक शुक्रवारी संध्याकाळी तक्रार पाठवतो आणि 'मी सुट्टीवर आहे' असं आपोआप जाणारं उत्तर लावून गावी जातो. हेल्पडेस्क पोच पाठवतो. त्या पोचेला सुट्टीचं उत्तर येतं. विषय बदललेला असल्याने त्याचं नवीन तिकीट होतं, त्याची पोच जाते, तिलाही उत्तर येतं. पलीकडे माणसाऐवजी दुसरा हेल्पडेस्कच असेल तर विचारायलाच नको : दोन यंत्रं रात्रभर एकमेकांना पोच देत बसतात. सोमवारी सकाळी रांग उघडावी तर त्या ढिगाखाली खऱ्या तक्रारी दबलेल्या.

ऑगस्ट २००४ मध्ये कीथ मूर यांनी आपोआप जाणाऱ्या उत्तरांसाठी शिफारशी लिहिल्या. अशा प्रत्येक मेलवर 'हे आपोआप गेलं आहे' अशी खूण हवी, आणि अशी खूण असलेल्या मेलला कुणी आपोआप उत्तर देऊ नये. न पोचता परत येणाऱ्या मेलच्या लिफाफ्यावर परतीचा पत्ता रिकामा असतो. तो रिकामा दिसला की पोच द्यायची नाही. ठरावीक वेळात एकाच पत्त्यावर किती पोच जातील, याला मर्यादा घालायची. नियम साधे आहेत, पण ते पाळणाऱ्या हेल्पडेस्कवर चक्र सहसा फिरत नाही. मात्र त्यांचा अतिरेकही महागात पडतो. एका कंपनीत मी पाहिलं : आपोआप आलेला प्रत्येक मेल कचऱ्यात टाकायचा नियम लावला होता. त्यांच्या वेबसाइटवरचा तक्रारीचा फॉर्मही मेल आपोआपच पाठवत असे, त्यामुळे फॉर्म भरणाऱ्यांच्या तक्रारी कुणाच्या नजरेलाच पडल्या नाहीत. पोच देऊ नये, याचा अर्थ तिकीट काढू नये असा होत नाही, हे तिथल्या नियमात उतरलंच नव्हतं.

२००७ मध्ये कोपनहेगनमध्ये झेनडेस्क सुरू झालं आणि हेल्पडेस्कसाठी स्वतःचा सर्व्हर सांभाळायची गरज संपली. सपोर्टचा मेल त्यांच्याकडे फॉरवर्ड केला की झालं. २०१० मध्ये झोहोत अनुभव घेतलेल्या गिरीश मातृभूतम यांनी चेन्नईत फ्रेशडेस्क काढलं. ती कंपनी फ्रेशवर्क्स या नावाने सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेत नॅसडॅकवर गेली. मराठी माणसाचा या जगाशी संबंध मात्र त्याही आधीचा आणि रोजचा. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात स्थापन झालेली रेमेडी ही हेल्पडेस्कची मातब्बर कंपनी २००२ मध्ये बीएमसी सॉफ्टवेअर या कंपनीकडे गेली, आणि बीएमसीचं मोठं केंद्र पुण्यात आहे. हिंजवडी, मगरपट्टा, ऐरोली इथल्या रात्रपाळ्यांत कितीतरी मुलामुलींनी दुसऱ्या खंडांतल्या लोकांची तिकिटं सोडवली. क्यू बघणं, तिकीट असाइन करणं, एसएलए म्हणजे ठरलेली मुदत तुटू न देणं ही त्यांची बोली झाली. नियम चुकलेलं तिकीट रात्री तीन वाजता वाचून योग्य टीमकडे लावणारा माणूस हा या व्यवस्थेचा खरा कणा होता, आणि तिचं श्रेय त्याला क्वचितच मिळालं.

आपल्या लिपीचंही एक प्रकरण या इतिहासात आहे. १९९२ पासून 'माइम' या मानकामुळे मेलमध्ये इंग्रजीबाहेरची अक्षरं आणि जोडफाइली पाठवता येऊ लागल्या. पण मराठीत लिहिलेला विषय प्रवासात सांकेतिक रूप घेतो आणि पलीकडे तो उलगडावा लागतो. जुन्या प्रणाली तो उलगडत नसत. एजंटला अर्थहीन अक्षरांची माळ दिसे, नाहीतर डेटाबेसात नुसती प्रश्नचिन्हं उरत. युनिकोड रुळण्याआधी तर ठरावीक फाँट समोरच्याकडे नसेल तर सगळा मजकूर चिताड. हे आता बरंच सुधारलं. तरी एक अन्याय उरला आहे. नियम 'रिफंड' हा शब्द शोधत असतो आणि ग्राहकाने रोमन लिपीत 'पैसे कट झाले, परत कधी येणार' असं लिहिलेलं असतं. तो मेल 'इतर'च्या रांगेत जाऊन पडतो. रांगा ठरवणाऱ्यांनी आपले ग्राहक खरोखर काय लिहितात ते आधी वाचावं, एवढं तरी व्हायला हवं.

मेलमधून तिकीट होतं म्हणजे बाहेरच्या माणसाला आतल्या व्यवस्थेत लिहिता येतं, याची धोक्याची बाजू २०१७ मध्ये समोर आली. बेल्जियमचे सुरक्षा संशोधक इन्टी द क्यूकलेअर यांनी दाखवून दिलं की कंपनीच्या सपोर्टचा पत्ता देऊन तिच्या अंतर्गत चॅटमध्ये नाव नोंदवता येतं. खात्री करून घेणारा मेल सपोर्टकडे जातो, त्याचं तिकीट होतं, आणि त्या मेलच्या प्रेषकाचं नाव हेल्पडेस्कवर आधीच पडताळणीविना घेऊन ठेवलेलं असेल तर ते तिकीट घुसखोराला उघडपणे वाचता येतं. पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे त्याची ओळख नव्हे, हा धडा त्यातून मिळाला. विषयात दुसऱ्याच्या तिकिटाचा क्रमांक घातला म्हणून कुणालाही त्या तिकिटात शिरता येऊ नये, हेही त्याच धड्यातलं.

सुरक्षा वाढली तशी मेल हरवायच्या वाटाही वाढल्या. एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या पत्त्यांसाठी डीमार्क या मेल-पडताळणीच्या पद्धतीचं कडक धोरण लावलं : पडताळणीत नापास झालेला मेल स्वीकारू नका. मेल फॉरवर्ड होताना वाटेत त्यात बदल झाला, तर खरा मेलही या चाळणीत अडकू शकतो. ऑक्टोबर २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनमध्ये नुसत्या पासवर्डने मेल उचलण्याची जुनी पद्धत बंद करायला सुरुवात केली. वर्षानुवर्षं दर काही मिनिटांनी मेलबॉक्स उघडणारे हेल्पडेस्क नवी पद्धत लावली नसेल तर गप्प झाले. तक्रारी मेलबॉक्समध्ये साचत राहिल्या आणि इकडे रांग रिकामी दिसली. रिकामी रांग पाहून खूश होण्याऐवजी शंका यावी, ही सवय मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला लावत आलो.

भारतात आता या सगळ्याला कायद्याचं बळ आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. समाजमाध्यमांसारख्या मध्यस्थांसाठी २०२१ च्या मूळ नियमांत पोचेला २४ तास आणि निवारणाला १५ दिवस ठरले होते. पोचेची मुदत यंत्र क्षणात पाळतं. निवारणाची मुदत पाळायला मात्र तिकीट योग्य माणसाच्या नावावर लागावं लागतं, आणि कस तिथेच लागतो.

आता मेल वाचून रांग ठरवण्याचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जातंय. मोडक्या इंग्रजीतला, रोमन मराठीतला मेलही तिला बहुतेक वेळा समजतो, याचा मला मनापासून आनंद आहे. पण माझा आग्रह जुनाच राहील. कुठल्याच नियमात न बसलेला मेल टाकून न देता एका नेमलेल्या माणसाकडे गेला पाहिजे. त्या माणसाचं नाव टीममध्ये सगळ्यांना ठाऊक हवं. स्पॅमचा कप्पा रोज उघडून पाहणं हे कुणाच्या तरी कामाच्या यादीत लिहिलेलं हवं. आणि रोज सकाळी बाहेरच्या खात्यावरून एक मेल स्वतः पाठवून त्याचं तिकीट झालं की नाही, हे बघायला हवं. या चार गोष्टींना पैसे लागत नाहीत, नेम लागतो. ज्या हेल्पडेस्कवर हा नेम पाळला जातो, तिथे लिहिणाऱ्याला मिळालेला क्रमांक विश्वास ठेवण्याजोगा असतो.