शितावरून भाताची परीक्षा

भात शिजला कीं नाहीं हें पाहण्याकरितां गृहिणी सगळें पातेलें उपसून पाहत नाहीं. एक शीत काढून बोटांनीं दाबते आणि तेवढ्यावरून सर्व भाताचा निर्णय करते. आपल्या शास्त्रकारांनीं या व्यवहारास 'स्थालीपुलाकन्याय' असें नांव दिलें आहे. हजार-पंधराशें माणसांस प्रश्न विचारून कोटीभर मतदारांचें मन सांगूं पाहणारी जी मतचाचणी हल्लीं बहुतेक लोकशाही देशांत चालते, तिचा पायाहि हाच न्याय होय. निवडणुकीच्या दिवसांत घरोघरीं तिच्या आंकड्यांवर वाद होतात. थोरले त्यांस थोतांड म्हणतात, धाकटे त्यांस वेदवाक्य मानतात. म्हणून हा न्याय कोठें लागू पडतो व कोठें पडत नाहीं, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या न्यायास एक अट आहे. भात सर्वत्र सारखा शिजत असला पाहिजे, किंवा शीत काढणारानें वरचें, मधलें व तळाचें अशीं शितें काढलीं पाहिजेत. अमेरिकेंत १९३६ सालीं 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानें सुमारें एक कोटी मतपत्रिका टपालानें पाठविल्या. तेवीस लाखांवर उत्तरें आलीं, आणि त्यांवरून लँडन हे अध्यक्ष होणार असें त्यानें सांगितलें. प्रत्यक्षांत ४८ पैकीं ४६ राज्यें रूझवेल्ट यांनीं जिंकलीं! साप्ताहिकानें नांवें घेतलीं होतीं तीं मुख्यतः टेलिफोन व मोटारी बाळगणारांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळांत हे लोक सुखवस्तु वर्गांतले. गरिबांचें मन त्यांवरून कसें कळावें? शिवाय ज्यांनीं उत्तर पाठविण्याची तसदी घेतली, ते न पाठविणारांसारखे नव्हते. त्याच वेळीं जॉर्ज गॅलप यांनीं त्याहून कितीतरी थोड्या, पण विचारपूर्वक निवडलेल्या लोकांस विचारून रूझवेल्ट यांचा विजय वर्तविला. शितें किती काढलीं यापेक्षां तीं कोठून काढलीं हें महत्त्वाचें, हा धडा तेव्हांपासून सर्वांनीं घेतला.

परंतु तेथें मुख्य सामना दोघांचाच होता. जेथें दहा-पंधरा पक्ष संसदेंत बसतात तेथें हें काम फार नाजूक होतें. हॉलंड देशाचें उदाहरण याकरितां उत्तम आहे. तेथील कनिष्ठ सभागृहांत १५० जागा आहेत. आपल्यासारखे मतदारसंघ तेथें नाहींत. साऱ्या देशाचीं मतें एकत्र मोजून त्या प्रमाणांत जागा वांटल्या जातात. ही पद्धति १९१७ च्या घटनादुरुस्तीनें आली. एकंदर मतांचा दीडशेंवा हिस्सा मिळाला कीं एक जागा पदरांत पडते, म्हणून लहान पक्षहि जगतात. अर्थात् तेथील चाचण्या आपला अंदाज जागांच्या रूपानें सांगतात.

आतां थोडें गणित करूं. हजार माणसांस विचारलें व त्यांतील शेंकडा १५ जण एका पक्षाचे निघाले, तर केवळ निवडीच्या योगायोगानें या आंकड्यांत शेंकडा सुमारें दोनांची चूक सहज असूं शकते. दीडशें जागांत ती तीन जागांची झाली. म्हणजे ज्या पक्षास २३ जागा मिळतील असें म्हटलें, त्यास २० मिळाल्या काय किंवा २६ मिळाल्या काय, चाचणी करणाराचें कांहीं चुकलें असें होत नाहीं. असें असतां या आठवड्यांत अमक्याची एक जागा वाढली आणि तमक्याची एक घटली, अशा मथळ्यांत कितीसा अर्थ राहिला? बहुपक्षीय संसदेंत पहिल्या चार-पांच पक्षांत पुष्कळदां एवढेंच अंतर असतें.

याहून सूक्ष्म गोष्ट अशी कीं, आंकडे स्थिर दिसले म्हणून मतें स्थिर असतात असें नाहीं. एका मोठ्या घरांत दहा मतें आहेत, पांच या पक्षाचीं व पांच त्या पक्षाचीं, असें समजा. पुढल्या वर्षीं दोन मुलगे इकडून तिकडे गेले आणि दोन सुना तिकडून इकडे आल्या, तर बेरीज पांच-पांचच राहते. घरांतलीं चार मनें पालटलीं हें बाहेरच्यास कळतहि नाहीं. हॉलंडमध्यें तर मतदारांची ही ये-जा एकमेकांशीं मिळत्याजुळत्या विचारांच्या पक्षांतच फार चालते, कारण तेथें शेजारचें घर नेहमीं उघडें असतें.

आतां प्रत्यक्ष काय घडलें तें पाहूं. ऑगस्ट २०२३ मध्यें पीटर ओम्त्सिख्त यांनीं 'नवा सामाजिक करार' या नांवाचा पक्ष काढला. थोड्याच दिवसांत तो चाचण्यांत अग्रभागीं आला. २२ नोव्हेंबर २०२३ रोजीं मतदान झालें तेव्हां त्यास २० जागा मिळाल्या. पहिला आला तो खेर्ट विल्डर्स यांचा स्वातंत्र्यपक्ष, ३७ जागा घेऊन. शेवटच्या चाचण्यांनीं त्यास सुमारें तिसांच्या आसपास किंवा त्याखालीं धरलें होतें. जुलै २०२४ मध्यें या दोहोंसह चार पक्षांचें मंत्रिमंडळ अधिकारावर आलें. जून २०२५ मध्यें विल्डर्स यांनीं आश्रितांच्या प्रश्नावरून त्यांतून अंग काढून घेतलें आणि २९ ऑक्टोबर २०२५ रोजीं पुन्हां निवडणूक झाली. ओम्त्सिख्त स्वतः त्यापूर्वींच राजकारण सोडून गेले होते. त्यांच्या पक्षाची एकहि जागा उरली नाहीं, वीसांवरून शून्य! 'डेमोक्रॅट ६६' हा पक्ष मात्र ९ वरून २६ वर चढला, आणि स्वातंत्र्यपक्ष उतरून तोहि २६ वरच थांबला. एक कोटीहून अधिक मतांत या दोघांतील अंतर सुमारें तीस हजारांचें होतें.

या दोन निवडणुकींत चाचण्यांचें बळ व त्यांची मर्यादा दोन्ही दिसतात. 'नव्या सामाजिक करारा'चा ऱ्हास त्यांनीं कित्येक महिने आधीं दाखविला होता. तो खराहि ठरला. परंतु २०२३ मध्यें स्वातंत्र्यपक्षाची शेवटची झेप त्यांस पुरती दिसली नाहीं. आणि २०२५ मध्यें मतदान अगदीं जवळ येईपर्यंत बहुतेकींत तोच पहिला होता. सावकाश खचत जाणारी भिंत चाचणीस दिसते. शेवटच्या चार दिवसांत फिरणारें मन तिच्या हातीं लागत नाहीं.

याचें एक कारण खुद्द चाचणींतच आहे, असें आम्हांस वाटतें. भाताच्या शितास आपली परीक्षा चालली आहे हें ठाऊक नसतें, मतदारास असतें. अमका पक्ष पुढें येत आहे असें त्यानें वाचलें कीं आपलें मत फुकट जाऊं नये म्हणून तो त्याकडे वळतो, किंवा त्यास अडविण्याकरितां दुसऱ्या बलिष्ठ पक्षाकडे धांव घेतो. अशा रीतीनें मोजणारें मापच मोजल्या जाणाऱ्या वस्तूस हलवितें, आणि ज्या लहान पक्षाचें म्हणणें मतदारास मनापासून पटलेलें असतें तो बिचारा मागें पडतो.

आमच्याकडे प्रकार थोडा निराळा आहे. येथें प्रत्येक मतदारसंघांत ज्यास अधिक मतें तोच निवडून येतो, म्हणून मतांतील लहानशा फरकानें जागांत मोठी उलथापालथ होते. २०२४ च्या लोकसभेच्या वेळीं मतदान करून बाहेर पडलेल्या लोकांस विचारूनसुद्धां बहुतेक अंदाजांनीं सत्ताधारी आघाडीस साडेतीनशेंहून अधिक जागा दिल्या, मिळाल्या २९३.

म्हणून चाचण्या वाचूं नयेत असें आमचें म्हणणें नाहीं. देशाचें मन कोणीकडे झुकत आहे हें जाणणें नागरिकास उपयुक्तच आहे. मात्र वाचतांना किती लोकांस, कोठें, केव्हां व कोणीं विचारलें हें आधीं पाहावें. एका चाचणीपेक्षां अनेकींचा कल पाहावा. आणि एक-दोन जागांच्या चढउतारास मोल देऊं नये. मत देतांना मात्र इतर काय करणार आहेत हें विचारीत न बसतां आपणांस काय योग्य वाटतें हेंच स्वतःस विचारावें. घरांतील तरुण मंडळी प्रथमच मतदानास निघतील तेव्हां वडील माणसांनीं त्यांस एवढें सांगितलें तरी पुष्कळ झालें.