सहलीचा आराखडा आणि आमची म्हैस

‘व्यवस्थापन’ म्हटले की डोळ्यांपुढे कारखाने, धरणे आणि मोठमोठ्या कचेऱ्या उभ्या राहतात. चार माणसांच्या घरगुती सहलीला त्याची काय गरज, असे कोणीही विचारील. माझ्या वडिलांनीही तेच विचारले. त्यांना द्यायचे राहून गेलेले उत्तर म्हणजे हा लेख.

आमचे गाव कराड तालुक्यात. कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण, आणि तेथून पुढे गुहागरचा समुद्र. आजोबा तरुणपणी चिपळूणला लाकडाच्या वखारीत कामाला होते. समुद्राच्या गोष्टी ते आजीला सांगत आणि ‘पुढच्या वर्षी नेतो’ म्हणत. आजोबा गेले, पण ते पुढचे वर्ष काही आले नाही. आजी आता 78 वर्षांची आहे. यंदा सत्र परीक्षा संपताच तिला न्यायचेच, असे मी ठरवले.

वाणिज्य शाखेतील मैत्रिणीच्या पुस्तकात मला ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत सापडली. 1957 च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूपाँट या रसायन कंपनीच्या कामासाठी ती तयार झाली. तत्त्व सोपे आहे. सर्व कामांची यादी करायची, प्रत्येकाला किती दिवस लागतील ते लिहायचे आणि कोणते काम कोणत्या कामानंतरच होऊ शकते ते बाणांनी दाखवायचे. एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी साखळी सर्वांत लांब, ती निर्णायक. बाकीच्या कामांना थोडीफार सवड असते. या साखळीतील कामांना मात्र मुळीच नसते.

मी यादी केली. आजीचे डोळे तपासणे 1 दिवस, त्यानंतर चष्मा मिळायला 6, एकूण 7. आईच्या बचत गटाचे पैसे मिळायला 9. एस.टी.चे आरक्षण 1, पुऱ्या-चटणी 1. ही कामे एकाच वेळी चालू शकत असल्याने सर्वांत लांबचा आकडा 9. ‘दहाव्या दिवशी निघायचं!’ मी जाहीर केले.

आजी म्हणाली, “आन् म्हशीची धार कोण काढणार? तुझा कागद?”

मी गप्प झाले. आमची म्हैस परक्या हाताला पान्हवत नाही. आत्या येऊन राहील, पण म्हशीला तिच्या हाताची सवय व्हायला 4 दिवस हवेत. आणि आत्याच्या उसाला तोड आल्याशिवाय तिचा पाय घरातून निघणार नाही. टोळी कधी येईल ते कोण सांगणार?

अशा अनिश्चित कामासाठी ‘पर्ट’ नावाची पद्धत आहे. अमेरिकन नौदलाने 1958 मध्ये पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी ती काढली. तिच्यात तीन अंदाज घेतात. आत्याला विचारले. सारे सुरळीत झाले तर 5 दिवस, बहुधा 8, आणि फारच रखडले तर 23. मधल्या अंदाजाची चौपट करून त्यात दोन्ही टोके मिळवायची आणि 6 ने भागायचे. 5 अधिक 32 अधिक 23 म्हणजे 60. उत्तर 10 दिवस. त्यात म्हशीचे 4 मिळवून 14. हीच आमची निर्णायक साखळी! चष्म्याला 7 दिवसांची सवड, पैशांना 5 दिवसांची. आईने पुऱ्या दोन दिवस आधी तळल्या असत्या तरी सहल एक तासही लवकर निघाली नसती.

राखीव म्हणून 2 दिवस धरले आणि आरक्षण मुद्दाम शेवटी ठेवले. प्रत्यक्षात तोडीला 13 दिवस लागले. आम्ही अठराव्या दिवशी निघालो. अंदाज एका दिवसाने चुकला, पण तिकीट काढलेलेच नसल्याने पैसे बुडाले नाहीत. भाड्याचा भारही हलका होता. 75 वर्षांवरील प्रवाशांना 2022 पासून एस.टी.चा प्रवास मोफत आहे आणि 2023 पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे. पूर्ण भाडे एकट्या वडिलांचे पडले.

पण या आराखड्याने मला जे दाखवले ते पुस्तकात नव्हते. आमच्या घरातून लग्नाला, जत्रेला, पंढरपूरला माणसे जात आली. तेव्हा धारेचा प्रश्न कधीच का उद्भवला नाही? कारण प्रत्येक वेळी आजी मागे राहत होती. तिचे काम कोणी काम म्हणून मोजलेच नव्हते, मग ते माझ्या यादीत तरी कोठून येणार? आजोबांचे ‘पुढचे वर्ष’ पैशांवाचून अडले असे आम्ही समजत होतो. खरे तर ते गोठ्यात अडले होते.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, स्नेहसंमेलन असो की बहिणीचे लग्न, कागदावर यादी जरूर करा. ती पुरी झाली असे वाटले की मग घरात नेहमी मागे राहणाऱ्या माणसाला दाखवा.

गुहागरला आजी घोटाभर पाण्यात बराच वेळ उभी होती. नंतर तिने आत्याला फोन लावायला सांगितला. समुद्राविषयी ती काहीच बोलली नाही. विचारले एवढेच, “म्हशीनं दूध दिलं का गं?”