साळिंदराच्या डोळ्यापुढचं भोक

साळिंदराची कवटी बाजूने पाहा. डोळ्याच्या खोबणीपुढे वरच्या जबड्याच्या हाडात आणखी एक भलंमोठं भोक दिसतं. आपल्याही कवटीत डोळ्याखाली ते आहे, पण जेमतेम चेहऱ्याची नस आणि रक्तवाहिन्या जातील एवढंच. साळिंदरात मात्र जबड्याचा एक स्नायूच त्यातून आरपार जातो आणि थेट नाकाडाच्या बाजूला चिकटतो. त्यामुळे खालचा जबडा पुढे ओढायला बळ मिळतं, आणि कुरतडताना खालचे पटाशीचे दात वरच्यांना भिडायला तेच तर लागतं.

शेकरूची वाट वेगळी. भोक लहानच राहिलं. स्नायूचा बाहेरचा थर गालाच्या कमानीवरून पुढे चढला. उंदराने दोन्ही साधलं. त्याचं भोक वर रुंद, खाली चिंचोळं, जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखं: वरून स्नायू जातो, खालून नस. कृंतकांच्या, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, कवटीतली ही मला सर्वांत देखणी रचना वाटते.

प्राणिशास्त्रज्ञ योहान ब्रांट यांनी १८५५ मध्ये स्नायूंच्या अशाच ठेवणीवरून कृंतकांचे गट पाडले. डीएनएने ते बरेच विस्कटले. वाळवंटात उड्या मारणाऱ्या जर्बोआचंही भोक साळिंदरासारखं मोठं असतं, नातं मात्र उंदराशी.