होंडाचा आखाडा

‘स्ट्रीट फायटर २’ (कॅपकॉम, १९९१) मधला ई. होंडा हा सुमो मल्ल. तोंडावरचे रंगाचे पट्टे काबुकी नाटकातले. खरे सुमो मल्ल तोंड रंगवत नाहीत. तळहातांचा सपाटा मात्र अस्सल सुमोचाच. खरा आखाडा मातीचा, ४.५५ मीटर व्यासाचा. कुस्तीआधी मूठभर मीठ उधळून तो शुद्ध करतात. ताक, तेल, हळद कालवलेल्या तांबड्या मातीला हात लावून कपाळाशी नेणाऱ्या कोल्हापुरी पैलवानाला हे लगेच आपलंसं वाटेल. नियम मात्र कडक: तळपायाखेरीज काहीही मातीला टेकलं, की हार! जपानशी आपली गाठ तर थेट ऑलिंपिकमध्ये पडली. हेलसिंकी, १९५२: राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव कांस्य, त्याच बँटमवेट गटात जपानचे शोहाची इशी सुवर्ण.